वरून खाली उसवणारा पडदा

आमच्या देवळात उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी तीन वाजता देव पडदा फाडतो आणि तो फाटल्याचा आवाज मी काढतो. कामाची ही वाटणी कैक वर्षं विनातक्रार चालू आहे. देऊळ म्हणजे चर्च. आमच्याकडची जुनी ख्रिस्ती माणसं अजून देऊळच म्हणतात, आणि मीही आता जुन्यांतच जमा आहे.

बाजूच्या खोलीत माईकसमोर उभा राहून मी मांजरपाटाची जुनी चादर दोन्ही हातांनी अशी टर्रकन फाडतो की पुढच्या बाकावरच्या बायका दचकतात. त्या दरवर्षी दचकतात आणि दरवर्षी त्यांना आधीपासून माहीत असतं. त्याआधी पत्रा हलवून गडगडाट करणं माझ्याकडे, दिवे घालवणंही माझ्याकडे. शेंद्र्याच्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळतो. तिथल्या गॅदरिंगमध्येही माईक माझ्याच हातात असतो. मला बोलतं करायला कुणाला कष्ट पडत नाहीत, गप्प करायला पडतात, असं तिथले लोक म्हणतात. बरोबर म्हणतात.

पडदा मात्र आक्काचा. माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही तिनं. औरंगपुऱ्याच्या एका बोळात तिचं शिवणाचं दुकान होतं, ब्लाउज, पिको, फॉल आणि लग्नसराईत अंतरपाट. एका बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा कुंकवाचं स्वस्तिक काढलेला अंतरपाट पडलेला, दुसऱ्या बाजूला आमचा देवळाचा पडदा. समोरचा कापडवाला चाचा तिला विचारायचा, "आपा, ये किसकी शादी का है? इतना बड़ा?" आक्का सांगायची, "चाचा, ये शादी का नहीं, मौत का है." चाचा तोबा तोबा म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा.

पडद्याचे दोन पाट. निळं, जांभळं आणि किरमिजी कापड जोडून केलेले, वरपासून जमिनीपर्यंत. दोन्ही पाट मधोमध एका शिवणीनं जोडलेले असत आणि सगळी गंमत त्या शिवणीत होती. तांदळाच्या गोणीचं तोंड शिवलेलं असतं ना, बरोबर टोक सापडलं की एका ओढीत सगळं उसवतं आणि चुकीचं सापडलं तर बसा नखं तोडत, तो साखळीचा टाका. आक्का तो हातानं घालायची, खालून सुरुवात करून वर जायची आणि शेवटची कडी मोकळी सोडायची. शिवणकाम करणारी बाई दोऱ्याचं टोक कधी मोकळं सोडत नाही. तिच्या आयुष्यात ही एकच शिवण अशी होती. त्या मोकळ्या टोकाला मी नायलॉनची बारीक दोरी बांधायचो, ती दांडीवरच्या कडीतून माझ्या खोलीत यायची. इकडे चादर फाडायची, तिकडे दोरी ओढायची, की पडदा वरून खाली उघडत जायचा.

वरून खाली हे महत्त्वाचं. संडे स्कूलच्या मुलांना मी ते दरवर्षी समजावतो, आणि जरा जास्तच हातवारे करून समजावतो. वाळवंटात इस्राएल लोकांचा एक मंडप होता, असं मी सांगतो. भोवती कनातीचं अंगण. अंगणात शिरलं की आधी वेदी, तिथं कोकरू मारलं जायचं. पुढं हातपाय धुवायला पितळेचं गंगाळ. मग पहिली खोली, पवित्रस्थान. तिच्यात दिव्यांची समई, भाकरींचं मेज, धूप. धुपाच्या मागं पडदा, पडद्यावर पंख पसरलेले करूब, म्हणजे देवदूत, पहाऱ्याला. त्याच्या पलीकडं परमपवित्रस्थान. तिथं देव. तिथं वर्षातून एकदा मुख्य याजकानं जायचं, एकट्यानं, हातात रक्ताचं भांडं घेऊन. बाकीचा सगळा समाज बाहेर उन्हात.

आता त्या मंडपावर क्रूस ठेवून बघा, असं मी म्हणतो. वेदी कुठली, तर क्रूस. कोकरू कोण, तर त्या क्रूसावरचा तो. गंगाळातलं पाणी म्हणजे कुशीत भाला लागल्यावर आलेलं पाणी. भाकर म्हणजे मोडलेलं शरीर. समई विझली तो भरदुपारचा अंधार. आणि पडदा म्हणजे त्याचं अंग. टेकडीवर ते अंग फाटलं त्याच घटकेला शहरातल्या मंदिरातला तसाच पडदा फाटला. इथं मी बोट वर करून थांबतो. कुठून फाटला? मुलं ओरडतात, वरून. का? कारण माणूस फाडायला गेला असता तर खालून फाडला असता, त्याचा हात तेवढाच पोचतो.

म्हणून आमच्या देवळात एक रीत पडली आहे. वर्षभर वेदीच्या मेजामागं पाळकसाहेबांशिवाय कुणी जात नाही. त्या दिवशी पडदा उघडला की सगळे जातात. झाडू मारणारी मावशी जाते, पोरं जातात, काठी टेकत म्हातारे जातात. एका बाजूनं आत जायचं, मेजावरच्या लाकडी क्रूसाला हात लावायचा, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायचं. बोलायचं काही नाही. आमच्यातली एक आजी कायम पहिली असते. तिला ऐकू येत नाही, त्यामुळं माझा गडगडाट आणि चादर तिच्यापर्यंत कधी पोचलेली नाही. दिवे गेले आणि आले की ती उठते.

गेल्या वर्षी, उत्तम शुक्रवाराआधीच्या उपासाच्या दिवसांत, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आक्काला आता घरी न्या आणि आवडेल ते खाऊ घाला. कॅन्सर होता. ही भाषा आता सगळ्यांना कळते. आक्काला तर पडद्याआडूनच कळली. तिच्या खाटेभोवती हॉस्पिटलचा हिरवा पडदा होता आणि मी पलीकडं हळू आवाजात बोललो असं मला वाटत होतं. माझा हळू आवाज म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. मी आत आलो तर ती म्हणाली, "काय खाऊ घालणारेस मग?"

तिचं घर उस्मानपुऱ्याच्या मागच्या गल्लीत, माझ्या घराला लागून. मी रजा टाकली. माणसं यायला लागली. महिला मंडळाच्या बायका यायच्या, एक गाणं म्हणायच्या, प्रार्थना करायच्या, आणि जाताना दारात मला म्हणायच्या, "आक्काच्या तोंडावर काय शांती आहे हो." शांती नव्हती, गोळी होती. पण मी मान हलवायचो, कारण त्यांना ती शांती घरी घेऊन जायची असायची.

पाळकसाहेब तरुण आहेत, नगरकडून बदलून आलेले. मनानं फार चांगले. ते आले, खाटेशेजारी स्टुलावर बसले, तिचा हात हातात घेतला. म्हणाले, "आक्का, पडदा फाटलेलाच आहे. वाट मोकळी आहे. तुम्हाला आता फक्त पाऊल टाकायचंय."

"व्हय की," आक्का म्हणाली.

खोलीत जरा जड झालं. जड झालेलं मला सोसत नाही, हा माझा जन्माचा आजार. मी म्हटलं, "आक्का, तू आधी पोचतीयस तर माझ्यासाठी रुमाल टाकून ठेव. खिडकीची जागा बघ."

"तुझं नाव सांगितलं तर मलाच खाली उतरवतील," ती म्हणाली.

सगळे हसले. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी उपदेशात हे सांगितलं, विश्वासू माणूस मरणाकडं कसं हसत बघतं त्याचा दाखला म्हणून. मंडळीत कौतुकाची कुजबुज झाली. मी मागं वळून लोकांना मान लववत होतो. रुमाल माझा होता शेवटी.

भेटीच्या त्या दिवशी पाळकसाहेब गेल्यावर आक्का एवढंच म्हणाली होती, "चहा घेतला नाय त्यांनी. गार झाला."

उत्तम शुक्रवाराआधीच्या, झावळ्यांच्या रविवारानंतर मी देवळातल्या ट्रंकेतून पडदा आणला. डांबरगोळ्यांचा वास सुटला घरभर. मी म्हटलं, या वर्षी मंडळातल्या कुणाकडून तरी शिवून घेऊ.

"मी जित्ती असताना?"

"अगं, तुला बसवत नाही."

"पडून शिवीन. सुई ओवून दे."

तशी ती खाटेवर उशांना टेकून बसली आणि पडदा तिच्या अंगावरून खाली फरशीवर, दारापर्यंत. खालच्या टोकापासून सुरुवात केली. चार टाके घातले की डोळे मिटायची. मी शेजारी बसून कंपनीतले किस्से सांगायचो, आमच्या साहेबांची चाल करून दाखवायचो. ती हसली की सुई थांबायची, म्हणून म्हणायची, "गप रे नाटक्या, टाका चुकतोय." लहानपणापासून ती मला नाटक्या म्हणायची. दुसरं कुणी म्हटलं तर मला आवडत नाही.

शिवत शिवत ती वरच्या टोकाला आली तेव्हा मला म्हणाली, "जा, चहा टाक."

चहा घेऊन आलो तर झालेलं होतं. "शेपूट लांब ठेवलंय," ती म्हणाली. "तुझ्या दोरीला बांध." आणि माझ्याकडं बघत राहिली. लहानपणी माझी चप्पल माळ्यावर टाकून, मी घरभर शोधत असताना ती अशीच बघत राहायची. हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी चहा बशीत ओतत होतो.

उत्तम शुक्रवार उजाडला तो नळाला पाणी यायचा दिवस निघाला. संभाजीनगरात राहणाऱ्याला याहून अधिक सांगायला नको. निम्मी मंडळी पिंपं भरून, ओल्या केसांनी, धापा टाकत आली. बाहेर एप्रिलचं ऊन, आत पंखे गरम हवा फिरवत होते. आक्काला रिक्षातून आणली आणि पुढच्या बाकाच्या टोकाला खुर्ची टाकून बसवली. पांढरी साडी, खांद्यावर पदर नीट. लोक येता-जाता तिच्या खांद्याला हात लावत होते. काही जणींनी लावलेला हात पुन्हा स्वतःच्या कपाळाला लावला. असा मान कुणी जिवंत माणसाला देत नाही.

क्रूसावरच्या सात वचनांची उपासना चालते ती बारापासून. सहावं वचन, सगळं पुरं झालं असं तो म्हणतो ते, तीनच्या सुमाराला येतं. ते आलं. मी दिवे घालवले. पत्रा हलवला, थोडा लांबवला, कारण आक्का समोर होती. मग माईकपाशी चादर धरली आणि जीव खाऊन फाडली. दोरी ओढली.

फाटल्याचा आवाज आला. पडदा फाटला नाही.

मी दिवे लावून बसलो होतो, दरवर्षी लावतो तसे, कारण उजेडात उघडी वेदी दिसावी. उजेडात सगळ्यांना अखंड पडदा दिसला. मी पुन्हा ओढली. पडद्यानं खांदे उडवल्यासारखं केलं, दांडी करकरली आणि दोरीचं टोक तुटून सरळ माझ्या हातात आलं.

कुणी हललं नाही. पाळकसाहेबांनी माझ्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. मी बाहेर येऊन उभा राहिलो, एका हातात दोरी, दुसऱ्या हातात अर्धी चादर. माझ्या तोंडातून एक शब्द येईना. माझ्या बायकोनं नंतर सांगितलं की लग्नानंतर तिनं मला असं पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिला पडद्यापेक्षा त्याचीच भीती वाटली.

मागून कुणी तरी म्हणालं, "कात्री आणा की."

"कात्री नको," पाळकसाहेब म्हणाले. ते बरोबर होतं. कात्रीनं उघडायचा असता तर ते सगळं कशाला.

तेवढ्यात आजी उठली. दिवे गेले होते, आले होते, तिचा हिशेब पुरा झाला होता. ती तुरुतुरु चालत पडद्यापर्यंत गेली, मधोमध हात घालायला गेली तर बंद. तिनं जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. मग अर्ध्यावर ओढलेल्या शटरखालून दुकानात शिरतात तसा तिनं पडद्याचा खालचा काठ उचलला, वाकली आणि आत गेली. आतून तिचा आवाज आला. ऐकू येत नसल्यामुळं ती बोलते खणखणीत.

"या की. कुणाची वाट बघताय?"

मग काय, सगळे गेले. पडद्याचा काठ एकानं दुसऱ्यासाठी धरायचा, खाली वाकायचं, आत शिरायचं. पाळकसाहेबांचा झगा पायात आला. माझे डोळे आक्कावर होते. तिची मान खाली होती आणि खांदे हलत होते. बायकांना वाटलं रडतीये, एकीनं रुमाल पुढं केला. मी जवळ गेलो. ती हसत होती. तोंडावर पदर धरून, आवाज न करता, आम्ही लहानपणी प्रार्थनेच्या वेळी हसायचो तशी. मग माझ्याकडं पाहिलं आणि ते हसू तिला पुढं नेता येईना.

"घरी ने मला," ती म्हणाली.

"आत जाऊन येऊ. मी धरतो तुला."

"घरी ने."

ती तेवढी आत गेली नाही.

संध्याकाळी मी पडदा घरी आणला. तिच्या पायाशी बसून वरचं टोक तपासलं. साखळीच्या शेवटच्या कडीतून दोरा ओवून घेतला होता आणि वर गाठ मारली होती, अगदी बारीक, कापडाच्या घडीत लपवलेली. आणि गाठीपुढं लांब शेपूट, मला बांधायला.

"आक्का, गाठ मारलीस तू."

"हाताची सवय. इतक्या वर्षांची."

"नाय. सवयीनं मारलेली गाठ लपवत नाय कुणी."

कूलर घरघरत होता. ती त्याच्याकडंच बघत होती. मग बोलली, आणि त्या बोलण्यात राग नव्हता, एवढंच की ती आवाज हलका ठेवायला विसरली होती.

"तुम्ही समदे मला दारापर्यंत सोडायला आलात रे. पाळकसाहेब म्हणतात पाऊल टाका. बायका म्हणतात वाट मोकळीय. तू म्हणतोस रुमाल टाक. लई प्रेमानं, नाय म्हणत नाय मी. पण एकानं तरी म्हणावं की, बस जरा."

मी पडद्याची घडी करत होतो. ती तशीच राहिली हातात.

"आत कोण हाय ते मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "त्याचं भ्या नाय. पण तो याजक बघ. एवढा मोठा समाज बाहेर, अन् हा बिचारा एकटाच जायचा आत. पडदा फाटला काय अन् न फाटला काय, जायचं तर एकटीनंच ना? म्हणून मारली गाठ. म्हटलं, ह्या वर्षी कुणीच नाय जाणार आत. समदे बसतील माझ्यासंग बाहेर." आणि मग, "त्या म्हातारीनं घाण केली."

आम्ही दोघंही हसलो.

माझ्याकडं उत्तर होतं. मुलांना मी ते दरवर्षी देतो. क्रूसावर तो एकटा गेला, सगळ्यांनी सोडून दिलेला, अगदी बापानंही तोंड फिरवलं असं वाटण्याइतका एकटा, ते एवढ्याचसाठी की त्याच्यामागून जाणारं कुणी एकटं नसावं. हे मी तेव्हा मानत होतो आणि आजही मानतो. ते जिभेवर आलं होतं, हातवाऱ्यांसकट. पण तिच्या बोटांना सुईनं टोचून टोचून काळे ठिपके पडले होते आणि ती माझ्याकडं बघत होती.

मी म्हटलं, "बस जरा."

"उठलीये कुठं मी," आक्का म्हणाली.

पडदा ट्रंकेत परत गेला नाही. कूलरचं वारं तिला झोंबायचं, म्हणून तिनं तो पांघरून घेतला, निळा, जांभळा, किरमिजी, हनुवटीपर्यंत. मंडळाच्या बायकांनी विचारलं तर मी सांगायचो की इस्त्री करायचीय. पाळकसाहेब आले तेव्हा त्यांना खरं सांगितलं. ते स्टुलावर बसले. मग आक्कालाच म्हणाले, "चहा मिळेल का?" त्या दिवशी त्यांनी चहा घेतला, सावकाश. पावलाबद्दल काही बोलले नाहीत.

ईस्टरच्या, पुनरुत्थानाच्या रविवारी सगळी गल्ली पहाटे देवळात गेली. मी गेलो नाही. खुर्ची खाटेला लावून बसलो. दुपारी तिनं कात्री मागितली, दोरे तोडायची छोटी. बोटांनी चाचपत चाचपत स्वतःची गाठ शोधली आणि कापली. मग साखळीची एक कडी सोडवली. मग दुसरी.

"टोक हातात आलंय," मी म्हटलं. "ओढ की, एका दमात सुटंल."

"असू दे. मला काय गाडी पकडायचीय."

पुढचे दिवस तसेच गेले. दुपारी ऊन पडद्यासारखं खिडकीवर यायचं, ती थोड्या कड्या सोडवायची, मी बोलायचो. नवे किस्से संपले होते, जुनेच सांगत होतो. वडिलांनी मला पत्र्याच्या शाळेतून ओढत आणलं तो, तिनं पहिल्या ब्लाउजला एकच बाही लावली तो. मध्येच ती म्हणायची, "हितं तू मागल्या वेळी वेगळं सांगितलं होतंस." मी म्हणायचो, "मागल्या वेळी तू झोपली होतीस." तिची बोटं हळूहळू मंद होत गेली. काही दिवशी एकच कडी. एका दिवशी नुसताच दोरा धरून पडून राहिली आणि मी तिचं बोट माझ्या हातात धरलं, म्हणजे दोरा आम्हा दोघांच्या हातात होता.

ती गेली तेव्हा मी एक किस्सा सांगत होतो. कंपनीच्या गॅदरिंगमध्ये माईक बंद पडला आणि मी ओठांनीच सूत्रसंचालन केलं तो. अर्ध्यात आलो होतो. तिचा श्वास थांबलेला मला कळला आणि मी तो किस्सा पुरा केला. शेवट तिला ठाऊकच होता, पण सोडून उठायचं कसं.

अंगावरून पडदा काढताना पाहिलं, खालची वीतभराहून थोडी जास्त शिवण राहिली होती. बाकी सगळी तिनं उसवली होती, वरून खाली. शेवटची कडी मोकळी होती, हिसका बसला असता तर उरलेलीही सुटली असती. मी त्या कडीतून दोरा ओवून घेतला आणि गाठ मारली. माझी गाठ लपलेली नाही. चांगली ढोबळ आहे.

या वर्षी वरची शिवण मी घातली. तिच्या उरलेल्या टाक्यांच्या वरपासून सुरुवात करून वरच्या दांडीपर्यंत. माझे टाके बघून मंडळातल्या बायकांनी तोंडं फिरवली, पण शेवटची कडी मी मोकळी सोडली, एवढं मला येतं. खालच्या भागाबद्दल पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "राहू द्या."

तीन वाजले. दिवे, पत्रा, चादर, दोरी. पडदा वरून उघडत आला आणि माझ्या गाठीपाशी थांबला. दोन्ही पाट बाजूला झाले होते, मागचा क्रूस दिसत होता, पण खाली, नडगीच्या उंचीला, कापड जोडलेलंच होतं. दाराला उंबरा असतो तसं.

आजी पहिली पोचली. खाली बघितलं, पाय उचलायचा प्रयत्न केला, पाय तेवढा वर येईना. पाळकसाहेबांनी झगा गोळा केला, पाऊल उचललं, कापड ओलांडून आत गेले आणि वळून तिला हात दिला. आजी तो हात धरून आत गेली. आत गेल्यावर तिला वाटलं मागचीलाही द्यावा लागेल, म्हणून तिनं वळून झाडूवाल्या मावशीला हात दिला. मावशीनं तिच्या मागच्याला दिला. मग रांगेत दुसरं काही ठरवायची गरजच उरली नाही. प्रत्येक जण आत गेला की वळत होता.

मी खोलीतून बाहेर आलो तेव्हा रांग संपत आली होती. पुढच्या बाकाच्या टोकाला, गेल्या वर्षी खुर्ची होती तिथं, मी बसलो. पलीकडच्या बाजूनं बाहेर पडलेली आजी पुन्हा फिरून पडद्याशी येऊन उभी होती. मी शेवटचा उरलोय हे तिनं मोजलं असावं. तिनं माझ्याकडं हात केला आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाली, "ये की रे."

तिला ऐकू येत नाही, म्हणून मी हातानंच खूण केली. येतो. बसतो जरा.